ओट्यापुढची जुनिपरची रांग

पुनम चाळीसगावहून माहेरी परत आली ती पोळ्याच्या सुमारास. हातात एकच पिशवी होती, आणि डाव्या कानाला तिला कमी ऐकू येत होतं. कशानं, ते तिनं आईला सांगितलं, वडिलांना नाही. वडिलांना, रुपचंद आबांना, ते आईकडूनच, यशोदाबाईंकडून कळलं. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. धुळ्यात देवपूरला त्यांचं बसकं, दोन खोल्यांचं घर होतं. त्याच्या ओट्यावर ते दिवेलागणीपर्यंत नुसते बसून राहिले.

दिवाळी सरली आणि समोरच्या चहाच्या टपरीवर नवल येऊन बसायला लागला.

नवल म्हणजे जावई. चाळीसगावात त्याचं टायरचं दुकान होतं, चारचौघांत वागणं गोड होतं, आणि त्या गोडपणावरच आबांनी पोर दिली होती. टपरीवर तो कुणाशी भांडायचा नाही, शिवी द्यायचा नाही. मोटारसायकल लावायची, चहा मागवायचा आणि ग्लास हातात धरून घराकडे बघत राहायचं, एवढंच. चहा गार होऊन साय धरायची तरी तो तसाच. कधी लागोपाठ दोन-तीन दिवस यायचा, कधी पंधरवडाभर पत्ताच नसायचा. तो दिसला म्हणजे निदान कुठे आहे ते ठाऊक असायचं. दिसत नसला की घरातली तिघंही गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलचा आवाज ओळखायचा प्रयत्न करत बसायची.

पोलिसांत जाऊन झालं. तिथला हवालदार माणूस वाईट नव्हता, पण रस्त्यावर बसून चहा पिणाऱ्याला कोणत्या कलमाखाली उचलू, असं त्यानं आबांनाच विचारलं. अर्ज तेवढा घेऊन ठेवला. वकिलानं कोर्टात घटस्फोटाचा आणि नवलला घरापासून लांब ठेवण्याचा दावा लावला आणि वेळ लागेल म्हणाला. गावाकडचे दोघे पुतणे एकदा येऊन बसले आणि नवलचे हातपाय मोडून देतो म्हणाले. आबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मारामारी झाली तर पोरीची केस बिघडेल, असं कारण त्यांनी दिलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. आबांना भीती वाटत होती. सगळी नोकरी पिंपळनेरच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत गेली; गाडी चुकलेल्या, जागेवरून हातघाईवर आलेल्या माणसांना त्यांनी आयुष्यभर मऊ बोलून शांत केलं होतं. हात त्यांनी कधी कुणावर उचलला नव्हता, आणि आता या वयात तो उचलता येईल असं त्यांना वाटत नव्हतं.

घराची अडचण अशी की कंपाउंडची भिंत छातीएवढी, तिच्या आत मातीची अरुंद पट्टी आणि लगेच ओटा. टपरीवरून ओटा तर दिसायचाच, दार उघडं असलं तर आतली चूलही दिसायची. पुनमनं ओट्यावर येणं सोडलं. ओले कपडे आतल्या खोलीत वाळू लागले, दार दिवसभर लोटलेलं, भर दुपारी ट्यूबलाइट लावलेली. ती भाजी निवडायची ती पाठ दाराकडे करून.

आबांनी भिंतीवर उंच पत्रे ठोकायचं काढलं तेव्हा यशोदाबाई पहिल्यांदा नवऱ्यावर चिडल्या. त्या शहरात राहून शेजाऱ्यापाजाऱ्यांशी शहरासारखं बोलायला शिकल्या होत्या, पण रागात त्यांची अहिराणी बोली परत यायची. "आपली पोर शे ती, चोर नई शे," त्या म्हणाल्या. "पत्रा ठोकीसन कसाले कोंडतस तिले?"

पत्र्याचं राहिलं. मग आबा साक्री रोडवरच्या हिलालच्या नर्सरीत गेले.

हिलालला त्यांनी सगळं सांगितलं नाही. अरुंद जागेत मावेल, जमिनीपासून शेंड्यापर्यंत भरलेलं राहील, बारा महिने हिरवं असेल, पलीकडचं काही दिसू देणार नाही, असं झाड द्या एवढंच म्हणाले. हिलालनं आधी अशोक दाखवला, मग स्वतःच मोडता घातला. अशोक वर गेला की पुढेमागे बुडाशी उघडा पडतो, आणि भिंतीलगत गटाराची टाकी असेल तर मुळं तिकडे धावतात. बांबूचं तर नावच नको, तो सगळ्या गल्लीत फिरेल. शेवटी त्यानं नेटखालच्या सावलीतून एक कुंडी ओढून आणली. कमरेएवढं रोप, सरळ खांबासारखं, निळसर हिरवं. पानं म्हणजे बारीक खवले, आणि आतल्या बाजूला सुईसारखी टोचणारी. जुनिपर, हिलाल म्हणाला. मूळचं थंड मुलखातलं, पण ही जात आपल्याकडे तग धरते. ऊन सोसेल, पायाशी पाणी साचलेलं मात्र सोसणार नाही.

उंच कधी होईल, असं आबांनी विचारलं.

"घाई केली की हे झाड मरतं, आबा," हिलाल म्हणाला. "वर्षाला फूटभर धरून चाला. तेही त्याच्या मनात आलं तर."

आबांनी भिंतभर पुरतील एवढी रोपं मागितली.

चर खणायला पाच-सहा दिवस लागले. पट्टीतली काळी माती काढून त्यांनी तिच्यात मुरूम, जाडी वाळू आणि शेणखत मिसळलं आणि चर भरून वर वीतभर उंचवटा केला, म्हणजे पाणी निसटून जावं. रोपं लावायची ती टपरी उघडायच्या आत, म्हणून ते पहाटे उठले. खड्ड्यात रोप ठेवून एका हातानं धरायचं आणि दुसऱ्या हातानं माती लोटायची, अशी त्यांची कसरत चालली होती. तेवढ्यात मागून कुणीतरी रोप धरलं. पुनम ओट्यावरून खाली उतरली होती. तिनं धरायचं, त्यांनी माती दाबायची, असं शेवटच्या रोपापर्यंत चाललं. टपरीवाल्यानं स्टोव्ह पेटवला तशी ती हात न धुताच आत गेली.

नवल आला तेव्हा रांग भिंतीच्या वर जेमतेम चार बोटं डोकावत होती. तो बराच वेळ बघत राहिला, मग रस्ता ओलांडून फाटकापर्यंत आला. इतक्या महिन्यांत हे पहिल्यांदाच. आबा नळी धरून उभे होते.

"सासरेबुवा, झाडं झ्याक लावली," तो हसत म्हणाला. "मोठी कधी व्हायची पण?"

आबांनी नळी खाली टाकली. ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. नळ यशोदाबाईंनी बंद केला.

त्यानंतर आबांचं सगळं आयुष्य त्या रांगेभोवती गोळा झालं. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी रोपांवर हिरवी जाळी बांधली. धुळ्यात नळाला पाणी येणार आठ-दहा दिवसांनी एकदा. पिण्याचं भरून झालं की उरलेलं ते वाटीवाटीनं वाटायचे, भाज्या आणि तांदूळ धुतलेलं पाणीही वाया जाऊ द्यायचे नाहीत. सकाळी उन्हं चढायच्या आत पानांवर फवारा मारायचे, कारण कोरड्या हवेत लाल कोळी नावाची कीड पडते आणि झाड आतून करपतं, असं हिलालनं बजावलं होतं. फांदीखाली पांढरा कागद धरून ते फांदी झटकायचे आणि कागदावरचे ठिपके हलतात का ते चष्मा कपाळावर घेऊन बघायचे. पावसाळ्यात एका टोकाला पाणी मुरलं आणि दोन रोपं बुडापासून पिवळी पडत मेली. हिलालनं बदली रोपं दिली. ती रांगेत बुटकी दिसायची, आणि त्या दोन फटींतून टपरी दिसत राहायची.

एका सकाळी तीन रोपांचे शेंडे मोडलेले सापडले. वाऱ्यानं मोडतात तसे नव्हते. हातानं पिरगाळून, साल लोंबत ठेवून मोडले होते. कुणी केलं हे विचारायची गरज नव्हती, आणि पुरावा तर काहीच नव्हता. हिलालनं येऊन पाहिलं, मोडक्या शेंड्याजवळची एक जोमदार फांदी वर वळवली आणि बांबूच्या काडीला सुतळीनं बांधून दिली. हीच आता शेंडा होईल, म्हणाला. झाली खरी, पण त्यात सगळं एक वर्ष गेलं.

त्या वर्षाच्या अखेरीस कोर्टाचा हुकूम आला: नवलनं या घराच्या आसपास फिरकायचं नाही. पुढं नाल्याच्या कामासाठी गल्लीतली टपरीही उठली. नवल दिसेनासा झाला. हुकूम, टपरी आणि झाडं यांतलं कशामुळं तो थांबला, हे कुणालाच सांगता आलं नसतं. पण आबांच्या मनानं श्रेय झाडांना दिलं.

आणि झाडांनीही काही कमी केलं नाही, हे मान्य करायला हवं. तिसऱ्या वर्षी ती एकमेकांना खांदा लावून उभी राहिली, चौथ्या वर्षी माणसाच्या डोक्यावर गेली. ओट्यावर हिरवट सावली पडायला लागली. आधी पुनम केस वाळवायला म्हणून ओट्यावर आली, मग पुस्तक घेऊन बसायला लागली. रक्त तपासणीचा कोर्स तिनं त्या ओट्यावर बसून पुरा केला आणि पांझरा नदीच्या पलीकडे एका लॅबमध्ये नोकरी धरली. जुनी स्कूटी घेतली. संध्याकाळी घरी आली की लॅबमधल्या गमती सांगायची, आणि यशोदाबाई ऐकता ऐकता तव्यावरची भाकरी करपवायच्या. गल्लीतून जाणारे थांबून झाडांची चौकशी करायचे. कुणी त्याला विलायती सुरू म्हणायचं, कुणी नाताळचं झाड. आबा कात्री घेऊन शेंडे सारखे करत असायचे. पानं कापली की उग्र, औषधासारखा वास सुटायचा, तो त्यांच्या बोटांना दिवसभर राहायचा. मोटारसायकलचा आवाज आला की मात्र कात्री अजूनही थांबायची.

एकच माणूस होतं, ज्याला ती रांग आवडली नव्हती. समोर प्रकाशचंद यांचं किराणा दुकान होतं. मूळचं राजस्थानातलं जैन घराणं, पण दोन पिढ्या देवपुरात गेल्या होत्या. गल्ल्यावर बहुतेक वेळ त्यांची बायको चंदनबाई असायच्या. एकदा आबा गूळ घ्यायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, की तुमची झाडं फारच वाढली, आता तुमच्याकडे कोण आलं, कोण गेलं काही समजत नाही. आबांना ते बोलणं ऐकून बरंच वाटलं. तेच तर हवं होतं, असं मनाशी म्हणत ते गूळ घेऊन घरी आले.

एप्रिलमध्ये घटस्फोटाचा निकाल लागला. पुनमनं पेढे आणले नाहीत, रडलीही नाही; त्या रात्री लवकर झोपली एवढंच. दुसऱ्या दिवसापासून आबांच्या फोनवर अनोळखी नंबरवरून फोन यायला लागले. उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही, नुसता श्वास. आबांनी ते घरात सांगितलं नाही.

खानदेशात मे महिन्यातली दुपार माणसाची नसते. बारा वाजले की दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, कुत्री गटारात जाऊन निजतात, आणि चार वाजेपर्यंत रस्त्यावर कुणी मेलं तरी बघायला कुणी नसतं. पुनमची त्या दिवशी अर्धी पाळी होती. यशोदाबाई आत आडव्या झाल्या होत्या. ओट्याकडच्या खिडकीला बसवलेला कूलर घरघरत होता, आणि त्याच्या आवाजात बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं तशी हवा गरम येऊ लागली, म्हणून आबा बादली भरून ओट्यावर आले.

बाहेर पाऊल टाकलं आणि त्यांना जुनिपरचा वास आला.

तो ताज्या, चुरडलेल्या पानांचा वास होता. त्यांनी होळीनंतर कात्री हातात घेतली नव्हती. उन्हाळ्यात ते झाडाला हात लावत नसत. वारा पडलेला. आबा बादली घेऊन तसेच उभे राहिले. मग पहिल्या वासाखालून दुसरा वास आला, पेट्रोलचा. त्यांनी डोकं न हलवता नुसती नजर रांगेवरून फिरवली. फाटकाजवळच्या शेवटच्या दोन झाडांमध्ये, भिंतीच्या आत, फांद्या बाजूला रेटून कुणीतरी उकिडवं बसलं होतं. गुडघा दिसत होता, आणि हातातली सरबताची प्लास्टिकची बाटली. तोंड फाटकाकडे. फाटक उघडून आत येणाऱ्याला तो दिसला नसता, ओलांडून पुढं गेल्यावर पाठीशीच असता. आणि रस्त्यावरून तर तिथं फक्त झाड होतं, दाट आणि हिरवंगार.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटी वळल्याचा आवाज आला.

ओरडावं असं आबांना वाटलं, आणि तोंड उघडून त्यांनी ते पुन्हा मिटलं. बापाची किंकाळी ऐकून पोर पळून जाणार नाही. आत धावत येईल. स्कूटी फाटकापाशी थांबली. स्टँड लावल्याचा खट्ट आवाज झाला. झाडात बसलेल्या माणसानं बाटलीचं झाकण फिरवायला घेतलं, आणि त्याच्या दुसऱ्या हातात लायटर होता.

आपण ओट्याच्या पायऱ्या कशा उतरलो, ते आबांना पुढं कधीच आठवलं नाही. त्यांनी बादलीभर पाणी त्या माणसाच्या डोक्यावरून ओतलं, आणि बादली टाकून सगळ्या अंगानिशी त्याच्यावर पडले. दोघं फांद्यांत कोसळले. सुया गालात, मानेत घुसल्या. खाली नवल होता, भिजलेला, तोंडातून आवाज न काढता धडपडणारा, आणि आबांपेक्षा दुप्पट ताकदीचा. बाटली निसटली आणि झाडांच्या बुडाशी भळाभळा रिकामी होऊ लागली.

"पुनम, आत येऊ नको!" आता आबा ओरडले. "चंदनबाईंकडे जा! शटर वाजव!"

फाटकाची कडी अर्धी सरकली होती, ती तिथंच राहिली. पावलं रस्त्याकडे पळाली, आणि समोरच्या शटरवर दोन्ही हातांनी बडवल्याचा आवाज सगळ्या गल्लीत घुमला. नवलनं कोपर मागे मारलं. आबांच्या खांद्यात काहीतरी मोडलं, तरी त्यांनी त्याच्या कमरेची मिठी सोडली नाही. तो लायटर पेटवायला बघत होता. लायटर ओला झाला होता, पण आबांना त्याची चक्री फिरल्याचा आवाज येत होता. एकदा. परत एकदा. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मिठी आणखी आवळली.

मग यशोदाबाई आल्या. विस्कटलेल्या केसांनी, अनवाणी, तापलेल्या फरशीवरून. त्यांनी लायटर धरलेल्या मनगटाला दात लावले आणि सोडले नाहीत. तेवढ्यात फाटक धाडकन उघडून प्रकाशचंद, त्यांचे दोन हमाल आणि त्यांच्यामागे पुनम आत आली. हमालांनी नवलला उचलून ओट्यावर पालथं घातलं. प्रकाशचंद यांनी दोर मागितला तेव्हा पुनमनं कपडे वाळवायची दोरी सोडून दिली. गाठ तिनं स्वतः बघून घेतली.

पोलीस येईपर्यंत नवल एकच वाक्य बोलला, तेही पुनमला नाही, आबांना. तो म्हणाला, "तुम्हीच तर जागा करून दिली."

आबांचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात हात गळ्यात बांधून पडल्या पडल्या ते वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं. घरी आल्यावर बघायला येणारी माणसं त्यांच्या धाडसाचं कौतुक करायची आणि ते छताकडे बघायचे. सगळ्यांत शेवटी चंदनबाई आल्या. शिऱ्याचा डबा यशोदाबाईंच्या हातात देऊन त्या खाटेजवळच्या खुर्चीत बसल्या.

"पुनमबेटा पहिल्यांदा आली ना, तेव्हापासून मी बघत होते," त्या म्हणाल्या. "तो टपरीवर बसायचा, मी गल्ल्यावर. तो उठल्याशिवाय मी जेवायला आत जात नव्हते. दुपारी शटर खाली केलं तरी हातभर उघडं ठेवायचे, तुमचा ओटा दिसावा म्हणून. झाडं मोठी झाली, मग काय दिसणार?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. सांगायचं काय त्यात, असं त्यांना वाटलं होतं. आबांनी हात जोडायचा प्रयत्न केला, पण एकच हात वर आला.

पेट्रोल मुरलेली दोन झाडं महिन्याभरात वाळली, तांबूस होऊन उभ्या उभ्या मेली. पावसानं उघडीप दिल्यावर हिलालनं ती काढून नेली आणि तितक्याच उंचीची दोन झाडं मोठ्या कुंड्यांत तयार आहेत, म्हणाला. माती बदलून रांग पुन्हा जोडून देतो. आबांनी पुनमकडे पाहिलं. ती कामावर जायच्या घाईत चप्पल घालत होती.

"नको, आबा," ती म्हणाली. "ती जागा तशीच मोकळी राहू द्या. आणि बाकीचीही काढा."

झाडं काढायचं ठरलं की आपल्याला सुटल्यासारखं होईल, असं आबांना वाटलं होतं. तसं झालं नाही. त्या झाडांना त्यांनी वाटीवाटीनं पाणी पाजलं होतं. त्यांनी अडून बघितलं. खालच्या फांद्या छाटू, म्हणजे बुडाशी कुणी लपू शकणार नाही, असं म्हणाले. पुनम चप्पल घालून उभी राहिली. ती रागावली नव्हती.

"या झाडांमुळं मी बाहेर बसायला लागले, ते मी विसरले नाही," ती म्हणाली. "पण आता मला रस्ता दिसू द्या. मला कुणी बघितलं तरी चालेल, आबा. मला कोण बघतंय, ते मला दिसायला पाहिजे."

एवढं बोलून ती गेली. यशोदाबाई आतून सगळं ऐकत होत्या; त्यांनी हिलालला चहा दिला.

झाडं काढायची तर थंडीत, मुळांभोवती मातीचा गोळा राखून, असं हिलालचं म्हणणं पडलं. डिसेंबरात त्याची माणसं आली. गोणपाटात गुंडाळलेली झाडं टेम्पोत आडवी घातली तेव्हा आबा घराच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. ती गावाबाहेरच्या एका शाळेच्या आवारात लागली. त्यातली निम्मी जगली, निम्मी गेली. हिलालनं हे खरं खरं सांगितलं. फाटकापासून लांब, दुसऱ्या टोकाला एक झाड पुनमनंच ठेवायला सांगितलं होतं. ते आता ओट्याच्या छपराच्या वर गेलं आहे.

जानेवारीत नवलला जामीन मिळाला. धुळे तालुक्यात पाऊल ठेवायचं नाही, अशी अट कोर्टानं घातली होती. वकिलाचा फोन संध्याकाळी आला. दुसऱ्या दिवशी पुनम नेहमीसारखी डबा घेऊन निघाली. आबाही चप्पल घालून उभे. मी सोडायला येतो, म्हणाले. स्कूटी चालवता येत नसलेला माणूस कसा सोडणार, असं तिनं विचारलं, आणि मग हसून त्यांना मागे बसवलं. पांझरेच्या पुलावरून जाताना आबा शेजारून जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलवाल्याचं तोंड बघत होते. पुनम समोर बघून चालवत होती. लॅबच्या पायऱ्या ती चढून गेली की ते रिक्षानं परत यायचे आणि सुटायच्या वेळेला पुन्हा तिथं हजर राहायचे. लॅबमधली माणसं त्यांना ओळखू लागली. कुणी खुर्ची द्यायचं, कुणी पाणी.

होळीच्या सुमारास एके सकाळी ती म्हणाली, "आज राहू द्या, आबा. मी जाऊन येते."

ते फाटकापर्यंत गेले, स्कूटी गल्लीबाहेर वळेपर्यंत उभे राहिले, आणि मग ओट्यावर येऊन बसले. दुपारी यशोदाबाईंनी ताट बाहेरच आणून दिलं. समोरचा रस्ता आता इथून टोकापर्यंत दिसत होता. भाजीची गाडी, शाळेची मुलं, प्रकाशचंद यांच्या दुकानातली गिऱ्हाइकं. दोन मोटारसायकली गेल्या. दोन्ही वेळा आबांचा घास हातातच राहिला, आणि दोन्ही वेळा तो दुसराच कुणी होता.

उन्हं उतरल्यावर स्कूटी आली. पुनमनं ती आत घेतली, डोक्याचा स्कार्फ सोडला. आज लॅबमध्ये फार गर्दी होती, पाय दुखून आले, म्हणाली, आणि संध्याकाळी भाजी काय आहे ते विचारलं. आबांना ते सांगता आलं नाही. सकाळपासून ते घरात गेलेच नव्हते.